डॅनियलसाठी उपास

शुक्रवारची प्रार्थनासभा त्या आठवड्यात दयाच्याच घरी होती, आणि दारात पहिली चप्पल निघेपर्यंत दया मोबाईलवर मालिका बघत बसली होती. अतिरेक्यांनी विषाणू सोडला होता आणि अख्ख्या शहरातली मढी उठून माणसांना चावत सुटली होती. दया सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी. चावल्यावर पाच सेकंदांत विषाणू मेंदूपर्यंत पोचत नाही, हे ती प्रत्येक भागात पडद्याला बजावून सांगे. तरी बघे, ती डॅनियलसाठी. शहाणा संशोधक, पण दारुडा. विषाणू चोरीला गेला तो त्याच्याच गाफीलपणामुळे. आता लसीची एकुलती एक कुपी त्याच्या एका खिशात होती आणि दुसऱ्या खिशात बाटली.

सभेत गाणं झालं की प्रत्येकाने आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा. कुणाचा गुडघा, कुणाची सोयरीक. दया दर वेळी "माझं काही नाही" म्हणे. त्या दिवशी मन अजून त्या दोन खिशांपाशीच होतं.

"डॅनियलसाठी," ती बोलून गेली. "त्याची दारू सुटावी."

पोरीने पहिल्यांदा तोंड उघडलं म्हणून आईचे डोळे भरून आले. शेजारच्या मार्थाबाईंचे मात्र विस्फारले.

"कोन गं हा डॅनियल? काय करतो?"

"लॅबमध्ये होता. काढून टाकलं."

"लगीन झालेलं?"

"बायको गेली त्याची."

गेल्यावर ती उठून त्याच्याच अंगावर कशी धावून आली, हे दयाने सांगितलं नाही. पण सांगितलं त्यात एक शब्द खोटा नव्हता.

सभा पांगेपर्यंत बायकांचं ठरलं होतं: पोरीचं मन एका दारुड्या बिजवरावर बसलंय. शनिवारपासून मार्थाबाईंनी उपास धरला. त्यांचं बघून आणखी चौघींनी धरला. चर्चच्या पाळकांच्या बायकोने नगरच्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता पाठवला. आईने तर "आमी न्हाई म्हननार न्हाई, फक्त सुधरू दे त्याला," असं सांगून दयाची बोलतीच बंद केली.

पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं, असं ठरवून दया उभी राहिली.

"एक सांगायचंय. हा डॅनियल—"

"थांब पोरी. आधी मला बोलू दे."

मागून योसेफकाका उठले होते. चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारे, कायम लवंग चघळणारे. लवंग दाताला बरी म्हणून सगळ्यांनी ती मान्य केली होती.

"त्या डॅनियलसाठी तुमी आठवडाभर उपास धरलाय," काका म्हणाले. "मीबी पितो. लई वर्सं झाली. माझंबी नाव घ्या."



"घेतलं, काका," मार्थाबाई म्हणाल्या.

दया खाली बसली. आता डॅनियल काढून घेतला, तर हा माणूस कशाच्या आधाराने उभा राहणार?

त्यानंतर काका दर शुक्रवारी विचारत, "डॅनियल कसाय?" दया त्या आठवड्याचा भाग आठवून सांगे, "धडपडतोय." काकांचंही तसंच चाललं होतं, पण चाललं होतं.

मग दयाने शेवटचा भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी ती काकांच्या घरी गेली. जे सांगायचं ते त्यांना एकट्याला सांगावं म्हणून.

"काका, डॅनियल खरा नाही. मालिकेतला आहे."

"म्हाईत हाय."

दयाने चपला काढल्या आणि आत येऊन बसली.

"नातीनं दावली. पवित्र शास्त्रातबी मेलेले उठत्यात, पन ते कुनाला चावत न्हाईत."

"कधी कळलं तुम्हाला?"

"उभा ऱ्हायलो त्याच्या आदल्या दिवशी."

"मग उभे का राहिलात?"

"अगं, पाच बाया नसलेल्या मानसापायी उपाशी ऱ्हात हुत्या. म्हनलं, वाया कशाला घालवायचं?"

दया हसली, मग तिला हसवेना.

"फक्त शेवट सांगू नको हां," काका म्हणाले. "एक भाग ऱ्हायलाय माझा."

ती दारापर्यंत जाऊन थांबली. "काका, तो भाग एकट्याने नका बघू. मी येते."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हंजे पितो व्हय परत?"

"शेवट सांगू नको म्हणालात ना," दया चपला घालत म्हणाली.

"ये मग," ते म्हणाले. "मार्थाबाईलाबी आन. उपास तिनं धरला हुता. तिलाबी कळू दे, कुनासाठी."