लवंगांच्या रानातलं वॉटर्लू

मी आज जो काही आहे तो हैदराबादेतल्या गौलीगुड्याच्या वामनकाकांमुळे. आणि वामनकाका जे काही आहेत ते नेपोलियनमुळे, असं काकू म्हणतात. त्यांच्या तोंडी ही तारीफ नसते.

काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झाले. त्यांच्या बैठकीत पाहुण्याला बसायला जागा नाही. तिथे वॉटर्लू आहे. मोठं टेबल, थर्माकोलच्या टेकड्या, बोटाएवढे रंगवलेले फ्रेंच, इंग्रज आणि प्रशियन शिपाई. शिपाई किती सरकला ते शिंप्याच्या टेपने मोजायचं, मेला की नाही ते फासे टाकून ठरवायचं. झाडं म्हणून थर्माकोलमध्ये खोचलेल्या लवंगा. बेगम बाजारचा दुकानदार विचारायचा, "साब, बिर्याणी कितने लोगां की है?" काका गंभीरपणे सांगायचे, "बिर्याणी नक्को मियाँ, जंगल है."

मी देगलूरहून बी.कॉम.ला आलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पहिल्याच रविवारी काकांनी विचारलं, "मार्शल होतोस?" मला वाटलं, शहरात अशी काही नोकरी असेल. मी हौ म्हणालो.

स्वतः ते नेपोलियन; मला त्यांनी ग्रूशी केलं. नेपोलियनचा हा मार्शल प्रशियन फौजेच्या मागावर गेला, लांबून तोफा ऐकू आल्या तरी मूळ हुकूम धरून बसला आणि वॉटर्लूला पोचलाच नाही; नेपोलियन हरला. तीन वर्षं मीही टेबलाच्या कोपऱ्यात उभा राहून पोचलो नाही.

काकांचा नियम कडक. तोंडी हुकूम बंद. चिठ्ठी लिहायची, आणि ती फासा सांगेल तेवढ्या उशिरा पोचणार. चिठ्ठीत ठिकाण, काम आणि वेळ हवी. वेळ नसली की काका ती फाडायचे. "वेळ न घातलेला हुकूम म्हणजे नुसता उसासा!" माझ्या कितीतरी चिठ्ठ्या अशा गेल्या. पण पुढे नोकरीचा अर्ज लिहिला तो पाच ओळींत बसला, आणि पुण्याच्या साहेबांनी तो चारचौघांत वाचून दाखवला.

निघताना काकांनी चिठ्ठी दिली: "पुणे. नोकरी सांभाळ. आजपासून." तो हुकूम मी तंतोतंत पाळला. तीन वर्षांत हैदराबादला एकदाही गेलो नाही. फोनवर काका कधी 'ये' म्हणाले नाहीत. तो तोंडी हुकूम झाला असता.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. "खेळायला येणारे बाकीचे गडी कुणी लेकीकडं गेले, कुणाचे गुडघे गेले. आता दोन्हीकडचे फासे हेच टाकतात. स्वतःशीच हरतात आन् चिडतात बी! तुझ्या कोपऱ्याला तेवढा हात लावू देत नाहीत. झाडायला बी नक्को म्हणतात."

मग टपालाने चिठ्ठी आली. काकांचं नकाशावरचं रेखीव अक्षर: "मार्शल ग्रूशी, वॉटर्लूला या. डावी बाजू सांभाळा."

ठिकाण होतं, काम होतं. वेळ नव्हती.

मी ती फाडली नाही. त्याच दिवशी उत्तर टाकलं:

"सेनापती,
हुकूम पोचला. तोफा मला कधीच्या ऐकू येत होत्या. येताना बेगम बाजारातून लवंगा आणतो. चिठ्ठीत वेळ राहिली आहे, ती मीच घालतो: शनिवार, सकाळी साडेदहा.
तुमचा, ग्रूशी"