नऊ झेंड्यांचे लक्ष्मणमामा

कंधारबाहेरच्या माळावर गोल्फचं मैदान होतं, आणि तिथे खेळायला आलेला माणूस कितीही मोठा असो, लक्ष्मणमामा त्याला सरळ खेळू देत नसत. पाहुणा काठी उगारून उभा राहिला की मामा शांतपणे चेंडू उचलून खिशात घालत. "आधी तवारीख, मग टोला," म्हणत. तवारीख म्हणजे मैदानाचा इतिहास. तो नऊ झेंड्यांपाशी नऊ तुकड्यांत ऐकावा लागे, म्हणजे आधी पायपीट आणि मग खेळ.

निजामाचं राज्य होतं. मी शेजारच्या मुसाफिरखान्यात कारकून होतो. उतरलेल्या कुठल्याही मुसाफिराला नाव लिहून खेळता येई. नाव मी लिहायचो, काठ्या मामा द्यायचे. मैदान म्हणजे हिरवळ वगैरे काही नाही. मुरमाड माळ, आणि भोकांभोवती गवत धरेना म्हणून तेलात कालवलेली वाळू पसरलेली. मामा ती रोज सारखी करत. तिच्यात कुणी बुटाची टाच रुतवली की त्यांचा चेहरा उतरे.

या इतिहासात राजे, नवाब कोणी नव्हते. "हितं दुसऱ्या झेंड्याला ह्यो एवढा धोंडा लागला. सटवा मरीबानं आठ दिवस फोडला. चौथ्याला तुळसाबाईनं लेकरू पाठीला बांधून माती वाहिली." हैदराबादच्या एका वकिलांनी न राहवून विचारलं, मैदान आखलं कोणत्या साहेबानं? मामा म्हणाले, "व्हता एक. घोड्यावर बसून बोट दाखवायचा." वकिलांचा खेळ बघून झाल्यावर मला हळूच म्हणाले, "मानूस लई चांगला. टोला न्हाई."

मला मामांचा भारी अभिमान वाटे. मग नवे इंजिनियरसाहेब बदलून आले; मैदान आणि मुसाफिरखाना त्यांच्याच खात्याकडे. एक दिवस ते खेळायला आले. सोबत चार पाहुणे, वर ऊन. सहाव्या झेंड्यापाशी साहेबांचा धीर सुटला. "हमना क्या करना इन नामां का? कल से तवारीख बंद, नईं तो नौकरी बंद." आणि मामा बोलले तर कळवायचं, असं मला बजावून गेले.

मामांनी मान डोलावली. पुढचे आठ दिवस ते मुकाट काठी देत आणि बाजूला उभे राहत. चेंडू कुठे गेला हेसुद्धा बघत नसत. दुपारची भाकरी फडक्यात तशीच राही. एका संध्याकाळी मीच म्हणालो, "मामा, नोकरी राहिली ना? नावं नाही घेतली तर काय बिघडलं?"

ते वाळूवरचा पाचोळा वेचत होते. "मुन्शीजी, हे मैदान व्हताना हजेरी म्या घ्यायचो. ही समदी नावं हजेरीतली हायत. घरात बायकूचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई. जन्मभर आपलं 'ऐकलं का'. पन हजेरीत घ्यावंच लागायचं, समद्यांदेखत. गोदावरी लक्ष्मण, म्हनलं की पदर तोंडाला लावून 'हजर' म्हनायची. लई हसू यायचं तिला." हातातला पाचोळा बाजूला टाकत म्हणाले, "पटकीत गेली. आता कोन्त्या निमित्तानं नाव घिऊ?"

नवव्या झेंड्यापाशी हे नाव मी शंभरदा तरी ऐकलं असेल. इतर नावांत ते नाव, एवढंच. मला स्वतःची लाज वाटली.

दोन दिवसांनी माहूरहून परतणारे एक मास्तर मुक्कामाला उतरले. काठी कुठून धरायची ते ठाऊक नाही, पण खेळायची हौस. साहेब उदगीरकडे दौऱ्यावर होते. ते इथे असते तरी मी तेच केलं असतं, असं आपलं मला आज वाटतं. मास्तरांचं नाव लिहिलं आणि सांगितलं, "इथे खेळण्याआधी ऐकून घ्यावं लागतं. नियम आहे."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग पागोटं नीट केलं आणि पहिल्या झेंड्याकडे चालू लागले.

मीही मागोमाग गेलो. नवव्या झेंड्यापाशी मामांनी एकेक नाव घेतलं. "गोदावरी लक्ष्मण," म्हणाले आणि थांबले. मास्तर पुढचं ऐकायला कान देऊन उभे होते. 'हजर' अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी गप्प राहिलो. तिच्या नावाला ओ देणारा मी कोण?