भुवयांचा होकार

भास्करकाकांना 'हो' म्हणायचं असलं की ते तोंड उघडत नाहीत, दोन्ही भुवया वर उडवतात. फिलिपिन्समध्ये म्हणे असाच होकार देतात. आपल्याकडे भुवया उडवल्या की त्याचा अर्थ 'काय?' असा होतो, हे काका मनिलात राहून साफ विसरून आलेत. त्यामुळे शहागंजातला भाजीवाला विचारतो, "काका, मेथी देऊ?" काका भुवया उडवतात. तो जरा मोठ्यानं विचारतो. काका परत उडवतात. शेवटी तो माझ्याकडे वळतो, "चाचा कू कम सुनाई देता क्या जी?"

काका मूळचे शेंद्र्याचे. शेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली, काका फिटर झाले आणि कंपनीनं त्यांना मनिलाला धाडलं. उमेदीची सगळी वर्षं तिथं काढून, काकू गेल्यावर ते परतले आणि आमचे शेजारी झाले. परदेशी माणूस म्हणून तिथं त्यांना मत नव्हतं. त्यामुळे मतं मात्र भरपूर साचली, आणि ती सगळी आमच्या ओट्यावर रिकामी होतात.

"आमच्या मनिलात लई वाईट राजकारण," हे त्यांचं पालुपद. "बाप मेयर. त्याची मुदत संपली की बायको मेयर. ती दमली की पोरगं."

"मग इथं काय निराळं आहे?"

"इथं नाचत नाय कुणी. तिथं उमेदवार स्टेजवर नाचतोय, गातोय, मग लोक मत देत्यात." मग न्यायबुद्धीनं, "गातो मात्र सुरात."

तिथल्या बातम्या ते सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर मोठ्यानं लावतात. आपली महापालिकेची निवडणूक कधी, ते त्यांना ठाऊक नसतं. पण तिथल्या सिनेटमध्ये कोण कोणावर रुसलंय ते तोंडपाठ. एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, त्या लोकांचं तुम्हाला काय पडलंय आता?"

"तिकडं काय गडबड होती का बघतोय. गडबड झाली की सुमनची रजा गेली."

सुमन त्यांची एकुलती लेक. तिथल्याच एका वृत्तवाहिनीत काम करते. गेल्या दिवाळीला कुठल्याशा सिनेटरची भानगड निघाली आणि तिला आयत्या वेळी तिकीट रद्द करावं लागलं. काकांनी आणलेला आकाशकंदील तसाच खोक्यात राहिला. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून त्या बातम्यांचा आवाज मला खुपत नाही. उलट सिनेट शांत आहे ना, हे मीच विचारतो.

परवा त्यांच्याकडे चहा पीत होतो, तेवढ्यात सुमनचा व्हिडिओ कॉल आला. रेंज जेमतेम, आवाज तुटत होता.

"सुमे, औंदा दिवाळीला येणार ना?" काकांनी विचारलं.

पडद्यावर सुमननं भुवया उडवल्या. चित्र तिथंच अडकलं आणि फोन कटला.

"परत लावा की," मी म्हणालो.

"कशाला? व्हय म्हणली ती." काकांनी फोन पालथा ठेवला आणि माळ्यावरचा कंदील काढायला स्टूल ओढलं.

मी स्टूल धरलं. "काका, तिला नीट ऐकू गेलं होतं ना?"

काकांनी वरूनच भुवया उडवल्या. मी परत विचारलं नाही.