म्हात्रे साहेबांचा मास्टर प्लॅन

म्हात्रे साहेबांना "चहा घेणार का?" असं विचारलं, तर ते हो किंवा नाही म्हणत नाहीत. "त्याच्या आधी काय हाय?" असं विचारतात. चहाच्या आधी दूध यायचं असतं, दुधाच्या आधी कुणीतरी फोन करायचा असतो. ही साखळी जुळेपर्यंत आमचा चहा पिऊन कप विसळून झालेले असतात. साहेब कोरडेच राहतात, पण समाधानी दिसतात.

ते आमच्या बेलापूरच्या ऑफिसात प्लॅनिंगला आहेत आणि मी खरेदी विभागात. अकरा वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत, हे माझं पूर्वसंचित. जासईच्या बाजूला आमची कंपनी गोदामं, एक रस्ता आणि एक लहानसा पूल बांधते आहे. प्रत्येक कामाचा प्लॅन वेगळा, प्रत्येकाचा इंजिनिअर वेगळा, आणि प्रत्येक इंजिनिअरला वाटतं की जगात आपलंच काय ते काम चाललंय. हे सगळे छोटे प्लॅन संगणकावर एकमेकांत गुंफून एक मास्टर प्लॅन करायचा, ही म्हात्रे साहेबांची नोकरी. पुलाचा खांब आठवडाभर रखडला, की पलीकडच्या गोदामाचं शटरसुद्धा आपोआप आठवडाभर पुढे सरकतं. ते सरकताना बघून साहेबांना जो आनंद होतो, तो इतरांना नातवंडं रांगताना बघून होतो.

कशालाच न जोडलेल्या कामाला ते 'सुट्टा' म्हणतात. माणसांनाही म्हणतात. "तो नवीन इंजिनिअर ना? एकदम सुट्टा हाय," असं त्यांनी म्हटलं, की समजायचं, त्या बिचाऱ्याचं या ऑफिसात काही खरं नाही.

मास्टर प्लॅनचे बावीस कागद चिकटपट्टीने जोडून त्यांनी भिंतीवर लावले. त्याखाली आगीच्या वेळी बाहेर पडायचा बाण झाकला गेला. मी म्हटलं, "साहेब, उद्या आग लागली तर?"

"आगीच्या आधी काय हाय ते बगू," ते म्हणाले.

साहेब मूळचे घणसोली गावातले. चार मजली घर, वर भाडेकरू, खाली हे आणि यांची एकुलती एक मुलगी तन्वी. पाण्याची टाकी धुणं, गावदेवीची जत्रा, जिन्याचं रंगकाम या सगळ्याची 'घर' नावाची फाईल त्यांनी केली. आणि दोन फायली उघडायचा त्रास नको म्हणून ती थेट कंपनीच्या मास्टर प्लॅनमध्ये घातली! याला म्हणतात कामावरची निष्ठा.

यंदा तन्वीचं लग्न ठरलं. मुलगा सीवूड्सचा, चांगला, सुस्वभावी. साखरपुडा झाला, आणि मग महिन्याच्या आढावा बैठकीत मोठ्या पडद्यावर पुलाचा खांब आणि डांबरीकरण यांच्यामध्ये लालभडक अक्षरांत एक ओळ झळकली : हळद.

"म्हात्रे, ये हळद क्या है?" डायरेक्टर साहेबांनी विचारलं.

"सर, टर्मरिक," कुणीतरी तत्परतेने मदत केली.

"तो हम मसाले का गोदाम बना रहे हैं?"

सगळे पोट धरून हसले, मीही. पण गंमत पुढेच होती. ती हळद जोडलेली होती पुलासाठी लागणाऱ्या खारफुटी तोडायच्या परवानगीला. ती परवानगी कधी येणार, हे खाडीतल्या खेकड्यांनाही माहीत नव्हतं. परवानगी पुढे गेली, की हळद पुढे, मांडव पुढे, लग्न पुढे, पाठवणी पुढे.

"चुकून लिंक लागली सर, काढतो," म्हात्रे साहेब पुटपुटले. अकरा वर्षांत त्यांच्या हातून चुकून काही लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तन्वी मला खाली गेटपाशी भेटली. डोळे सुजलेले. "काकू, तुमी तरी बाबांना सांगा ना. चार वेळा तारीख पुढे ढकलली. विचारलं की म्हणतात, प्लॅनमधे बसत नाय. काल मुलाच्या घरून मला फोन आला, द्यायची नसेल मुलगी तर तसं सांगा. तुटेल हो सगळं."

मला संताप आला. कागदाच्या भेंडोळ्यापायी पोरीचं लग्न मोडायचं म्हणजे काय! जेवणाच्या सुट्टीत साहेब हात धुवायला गेले, तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि ती लिंक शोधू लागले. सापडली. पण खाली 'पाठवणी'च्या ओळीवर नजर गेली आणि हात थांबला.

त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक काम 'लवकरात लवकर' असं आपसूक धरलेलं असतं. बावीस कागदांवरची सगळी कामं तशीच होती. फक्त पाठवणीपुढे 'शक्य तितक्या उशिरा' असं होतं. ते आपोआप येत नाही, हाताने निवडावं लागतं.

मागे साहेब उभे होते, ओले हात तसेच.

"हे चुकून नाही झालं," मी म्हटलं.

"नाय." त्यांनी ओले हात शर्टाला पुसले. "तिची आई गेली तवा ती सात वर्साची होती. वेणी घालायला मी शिकलो मॅडम, ऑफिसच्या दोऱ्या घेऊन. सीवूड्स लांब नाय, मना म्हाईत हाय. पन घरात मी काय पन बोल्लो, की 'कशाला?' म्हणून विचारनारी ती एकच हाय."

मला माझ्या सगळ्या थट्टेची लाज वाटली. तरी जे सांगायचं ते सांगितलंच. "साहेब, मुलाकडची माणसं लग्न मोडायच्या बेतात आहेत. ती गेटपाशी रडत होती."

हे त्यांना माहीत नव्हतं. मी उठले. ते खुर्चीत बसले, माऊस हातात घेतला, ती लिंक पुसली आणि 'शक्य तितक्या उशिरा'चं 'लवकरात लवकर' केलं. पाठवणी सर्रकन मागे येऊन पुढच्याच महिन्यात बसली. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि व्याह्यांना लावला.

"पुढच्या महिन्यातली कुठलीपन तारीख धरा. नाय नाय, अडचन कसली? माझी पूर्न तयारी हाय."

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, खोटा बोल्लो. काय पन तयारी नाय माझी."