बाळारामदादांचे मार्क

आमच्याकडे लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी बाळारामदादा त्या लग्नाला मार्क देतात. जेवण कसं होतं, नवरी कशी दिसत होती, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. लग्नाच्या वेळी ते मुळी हजरच नसतात. सकाळी सातला येतात, चपला काढतात, हात पाठीमागे बांधून लॉनवर एक चक्कर मारतात आणि ऑफिसच्या खिडकीशी येऊन सांगतात, "ताई, धापैकी चार. पोरीकडच्यांना कोणी पाणीसुद्धा नाय इचारलं."

हे त्यांना गवत सांगतं.

खालापूरच्या अलीकडे आमचं रिसॉर्ट आहे. लग्नं, कंपन्यांच्या सहली, क्रिकेटचे सामने, सगळ्यांची बुकिंगं माझ्याकडे असतात. बाळारामदादा रिसॉर्ट झाल्यापासून इथलं गवत राखतात. काटकुळा माणूस, खाकी हाफपँट, बाराही महिने डोक्याला मफलर. कोणी नुसतं "लॉन छान आहे हं" म्हटलं, की त्यांचा चेहरा पडतो. "वरून सगळं हिरवंच दिसतंय," असं म्हणून ते चालू लागतात.

सुरुवातीला मला वाटायचं, म्हातारा थापा मारतो. म्हणून एकदा मी त्यांची परीक्षाच घेतली. लग्न आटोपलं होतं, मंडळी निघून गेली होती. दादा चक्कर मारून आले. म्हणाले, "स्टेजच्या डाव्या अंगाला गवत उभंच्या उभं हाय. तिकडं कोणी फिरकलंच नाय. उजव्या अंगाला पार लोळवलंय. आणि जेवणं चालू असताना एक माणूस कुंपणाकडेनं नुसता फेऱ्या मारत व्हता. पोरीचा बाप असणार." मी फाइल काढली. डावी बाजू मुलीकडच्यांचीच होती. दुपारी मुलीचे वडील विसरलेली पिशवी न्यायला आले. मी सहज विचारलं, "काका, काल जेवलात ना नीट?" ते म्हणाले, "कसलं जेवण, कुंपणाकडेला येरझारा घालत होतो." त्या दिवसापासून मी दादांना कधी खोटं पाडायला गेले नाही.

तर यंदा थंडीत आमच्याकडे मैदानं राखणाऱ्यांची परिषद भरली. क्रिकेटची, गोल्फची, शाळा-कॉलेजांची मैदानं सांभाळणारी माणसं गावोगावहून आली. आमचे साहेब हरखून गेले होते. दादांनाही गळ्यात अडकवायला कार्ड मिळालं. त्यावर 'टर्फ मॅनेजर' असं छापलं होतं. दादांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, "म्हंजे माळीच ना?" मी म्हटलं, "हो, पण खुर्चीवर बसायचं."

भाषणांसाठी साहेबांनी मांडव घातला तो थेट लॉनवर. दादा दोन दिवस आधीपासून त्यांच्या मागे लागले होते. "साहेब, गवतवाल्यांची परिषद आणि मांडव गवताच्याच उरावर? लोक काय म्हणतील?" लोक काहीच म्हणाले नाहीत. दोन दिवस त्यांनी त्याच मांडवात बसून गवताच्या आरोग्यावर भाषणं ऐकली आणि खुर्च्यांचे पाय हरळीत रुतवले.

शेवटी मी सगळ्यांना अभिप्रायाचे फॉर्म वाटले. व्यवस्था कशी वाटली, भाषणं कशी वाटली, जेवण कसं होतं, परिषद इथे पुन्हा भरवावी का. गाड्या धरायच्या घाईत सगळ्यांनी 'उत्तम'वर खुणा केल्या. साहेबांनी मला अहवाल लिहायला सांगितला. आता एवढ्या उत्तमातून अहवाल काय काढायचा? मी दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेतली आणि दादांच्या मागून लॉनवर निघाले. मांडव नुकताच काढला होता.

"लिवा," दादा म्हणाले. "भाषणं, धापैकी दोन. पुढच्या दोन रांगांत गवताला धक्का नाय. सगळे मागं बसलेले, पटकन उठता यावं म्हणून."

मशिनं विकणाऱ्यांच्या स्टॉलांपुढे गवताचा चेंदा झाला होता. "इथं काय विशेष होतं?" मी विचारलं.

"टोप्या फुकट व्हत्या."

चहाला त्यांनी आठ मार्क दिले. जेवणाला पाच, कारण रांग वळत वळत थेट हात धुवायच्या नळापर्यंत गेली होती आणि चिखल झाला होता. मांडव जिथे होता तिथे गवत पिवळट, मलूल पडलं होतं. तिथे ते उकिडवे बसले, हरळीची एक काडी बोटांत धरून पाहिली. मार्क सांगितलेच नाहीत. मी वहीत रेघ मारली.

लॉनच्या टोकाला जांभळाचं झाड आहे. तिथे मात्र ते जरा रेंगाळले. दोन ठिकाणी गवत चांगलंच दबलेलं होतं, समोरासमोर.

"इथं दोन माणसं बसली व्हती. लय वेळ. लिवा, धापैकी धा."

"कशाला दहा?"

"लिवा वो तुमी."

मी सगळं जसंच्या तसं अहवालात घातलं. साहेब पोट धरून हसले आणि अहवाल ड्रॉवरमध्ये गेला. महिनाभराने कळलं, की पुढची परिषद दुसऱ्याच जिल्ह्यात आहे. दर वर्षी जागा बदलायची अशी त्यांची पद्धतच होती म्हणे. मी दादांना गमतीने म्हटलं, "सुटलात! पुढच्या वर्षी मांडव दुसऱ्याच्या गवतावर."

दादांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "इथं नाय भरणार? मग तो कसा भेटंल?"

"तो कोण?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जांभळाखाली बसलेल्या दोघांपैकी एक दादा स्वतः होते. दुसरा समुद्राकडचा कोणी मैदानवाला होता. त्याच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि गवत कडेने पिवळं पडत होतं. जेवणाच्या सुट्टीत तो झाडाखाली येऊन टेकला आणि त्याने दादांना विचारलं, तुमच्याकडे हरळी कोणती? तिथून जे दोघे बसले, ते दुपारची सगळी भाषणं बुडवून. खाऱ्या जमिनीवर जिप्समची पूड टाक, असंही दादांनी त्याला सांगितलं होतं.

"ताई, इतकी वर्सं गवत राखतोय. लोक काय इचारतात? बूट घालून चाललं तर चालंल का. माझी पोरं रसायनीला कंपनीत, ती दिवसपाळी-रातपाळीच्या गोष्टी करतात. गावात म्हणतात, गुरांनी खायचं त्याला पाणी कसलं घालतोस. गवताचं मला आजवर कोणी कायच इचारलं नाय. त्यानं इचारलं."

"नाव काय त्यांचं?"

त्याच्या विहिरीची खोली दादांना ठाऊक होती. रोलर दगडी आहे, उजवीकडे ओढतो, हे ठाऊक होतं. खुरपायला येणाऱ्या बायका किती, हेसुद्धा ठाऊक होतं. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. कार्डं टोचतात म्हणून दोघांनीही ती खिशात घातली होती.

मला हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. दर लग्नानंतर मी यांच्याकडून इतरांच्या लग्नांचे मार्क ऐकते. मीही गवताबद्दल त्यांना कधी एक अक्षर विचारलं नव्हतं.

नोंदणीची यादी माझ्याकडे होती. समुद्राकाठची नावं वेगळी काढली आणि फोन लावत सुटले. "नमस्कार, तुमच्या मैदानाच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे का?" एकाने विचारलं, मी टँकरवाली आहे का. दुसऱ्याने फोनच ठेवला. तिसऱ्याची बायको म्हणाली, आम्हाला नळ आहे. दादा दाराशी मफलर आवळत उभे होते.

सातव्या फोनवर एक जाडाभरडा आवाज आला. "हाय ना मचूळ. कोन बोलतंय?"

मी फोन दादांच्या हातात दिला. ना नमस्कार, ना ओळख. त्यांनी तो कानाला घट्ट दाबला आणि विचारलं, "ते कडेचं पिवळं गेलं का रं? जिप्सम टाकलास का नाय?"

पलीकडून भराभर बोलणं सुरू झालं. दादा माझ्या खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुन्हा पुन्हा विचारत होते, "मग? मग काय केलंस?"