निवडुंगाची थंडी

हिवाळा आला की मस्कतमध्ये सगळे एसी बंद करतात. आमच्या शेजारचे सोनवणेसाहेब तेव्हा चालू करतात, आणि तोही सोळावर. वादी अदाईतल्या त्यांच्या फ्लॅटला बेडरूम एकच. तिथे निवडुंगाची एक कुंडी झोपते. साहेब हॉलमधल्या सोफ्यावर पाय दुमडून पडतात.

"निवडुंग म्हटलं की ऊन दाखवायचं, एवढंच तुम्हाला ठाऊक," पहिल्याच भेटीत त्यांनी मला झापलं. "शास्त्र समजून घ्या, परकारभाई! हे अमेरिकेतल्या गवताळ वाळवंटातलं आहे. लहानपणी गवताच्या सावलीत वाढतं. हिवाळ्यात गारठा हवा आणि पाण्याचा थेंब नको, तरच वसंतात कळी धरतं."

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे निवडुंग कुंपणाला लावतात आणि विसरून जातात. पण हे मी बोललो नाही, कारण साहेब चहा फार चांगला करतात.

कुंडीत त्यांनी खास गवतही पेरलेलं. एकदा माझ्या बायकोने तण समजून ते उपटलं, वर प्रेमाने वाटीभर पाणी घातलं. पंपांचा हा भलामोठा इंजिनिअर मटकन खाली बसला. "भाभी, खलास!" एवढंच म्हणाला. निवडुंग वाचलं. गवत पुन्हा उगवेपर्यंत साहेबांनी कुंडीवर मुलीची जुनी ओढणी बांधून सावली केली.

झाडांशी बोलणाऱ्यांची तर त्यांना विशेष चीड. आमची ही मनीप्लांटशी गप्पा मारते, ते त्यांनी एकदा ऐकलं. "झाडाला कान नसतात, भाभी. पेशी असतात." तेव्हापासून ही त्यांच्यासमोर मनीप्लांटकडे बघतसुद्धा नाही.

निवडुंगाचं बी त्यांच्या मुलीने, ऋचाने, शाळेत असताना प्रोजेक्टसाठी रुजवलं होतं. पुढे ती शिकायला पुण्याला गेली, तिच्यासोबत आईही गेली. ऋचाला तिकडेच नोकरी लागली. इथे राहिले साहेब आणि मुठीएवढं निवडुंग. "बाबा, फ्लॉवर आलं की मी नक्की येणार," असं ती जाताना म्हणाली होती.

यंदा पहिल्यांदाच कळी आली. साहेबांनी ती बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला नेऊन दाखवली, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही. ऋचाने तिकीट काढलं. मग तिचा फोन आला. "सॉरी बाबा, लीव्ह कॅन्सल झाली. नेक्स्ट थर्सडेला येते." इकडे कळी तर फुगत चाललेली, आणि फूल एकदा उघडलं की दोन-तीन दुपारींत आटोपणारं.

कळी दिसली की एसी बंद करून ऊन द्यायचं, हा साहेबांचाच नियम. शुक्रवारी दुपारी मी गेलो, तर बेडरूमचं दार अर्धवट उघडं, आत पडदे ओढलेले आणि एसी सोळावर. हे कोणतं शास्त्र, असं विचारायला मी तोंड उघडलंच होतं.

साहेब स्वेटर घालून कुंडीपाशी जमिनीवर बसले होते. त्यांना माझी चाहूल लागली नव्हती. कळीच्या टोकाशी गुलाबी रंग फुटू लागला होता आणि ते तिला हलक्या आवाजात समजावत होते.

"थांब गं बाई जरा. गुरुवारी येतेय ती, इन्शाल्ला."

मी आल्या पावली मागे फिरलो आणि बेडरूमचं दार हळूच ओढून घेतलं, आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून.