दाजींची मोबाईलची आढी

आमच्या ऑफिसात शिरताना चपला आणि मोबाईल दोन्ही दारातच सोडायचे असत. चपला पायरीशी, मोबाईल पेटीत. पेटी आंब्याचीच, लाकडी. दाजींनी तिला कडी-कुलूप बसवलं होतं आणि आत गवत अंथरलं होतं. हापूस आढीत घालावा तसे आमचे मोबाईल ते एकमेकांना लागणार नाहीत असे निजवत. पिकतील या आशेने नव्हे, वाजले तरी ऐकू येऊ नयेत म्हणून. ऐकू यायचेच.

देवगडातल्या एका आंबा व्यापाऱ्याचं हे ऑफिस, मी तिथे हिशेबाला. मुंबईचा दर रस्त्यापलीकडच्या व्यापाऱ्याला आमच्याइतकाच लवकर कळू लागला, तेव्हा मालकांनी वखार सांभाळणाऱ्या दाजींना सुरक्षेवर नेमलं. हा दर दाजीच ऑफिसच्या फोनवर ओरडून ओरडून पक्का करून घेत आणि त्यांची खिडकी रस्त्यावर उघडे, पण असल्या क्षुल्लक गोष्टींकडे कोण बघतो! दाजींचा संशय थेट हवेवर गेला. "भिंतीक नाय, वाऱ्याक कान आसतत!"

मग वाय-फाय आलं. त्याच्या लहरी रस्त्यापलीकडे जातात म्हटल्यावर दाजींनी ते यंत्र लोखंडी कपाटात कोंडलं. लहरी रस्त्यावर गेल्या नाहीत हे खरं. आमच्या टेबलांपर्यंतही आल्या नाहीत. मालक भडकले, यंत्र बाहेर आलं आणि रोज नवा पासवर्ड सुरू झाला. अतिगुप्त! म्हणजे दाजींनी सकाळी घेतलेल्या मासळीचं नाव. वाटेत कुणी "दाजी, आज काय गावला?" म्हटलं, की पिशवी उघडून दाखवत, "बांगडे! बघ कशे ताजे!" सोमवारी दाजींना मासे वर्ज्य, म्हणून त्या दिवशी पासवर्डच नसे.

पेटीतला फोन वाजला, की सुरक्षेच्या दृष्टीने तो दाजीच उचलत. "कोण बोलता? खंयसून? कामाचा तेवढा बोला!" आणि पुढे अर्धा तास बिनकामाचं बोलत. कुणाच्या बायकोचे गुडघे, कुणाची गाय व्यालेली, सगळं त्यांना ठाऊक. माझी आई मिठबावहून रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करी. "माजा चेडू जेवला काय?" मी जेवले हे सांगायला दाजींना एक शब्द पुरे होता. पण बोलणं काही संपत नसे.

एकदा मी घरी चिडले. "त्यांच्याशी काय बोलतेस गो इतकं?"

"अगो, तेंका इचारणारा कोण आसा?" आई म्हणाली.

दाजींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. नियम म्हणजे नियम, म्हणून त्यांचा स्वतःचा मोबाईलही त्याच पेटीत असे. तो वाजलेला मी कधी ऐकला नाही.

शेवटी मालकांनी मुंबईहून एक जाणकार आणला. त्याने प्रत्येकाच्या मोबाईलला आकड्यांचं कुलूप घालून दिलं, वाय-फायला मासळीबाजारात न मिळणारा पासवर्ड दिला, आणि दाजींची खिडकी लावून घेतली. पेटी बाद. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या खिशात वाजत होता. प्रत्येक वेळी दाजी अर्धवट उठत आणि परत बसत. हसू यायला हवं होतं. मला वाईट वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. मी सवयीने म्हटलं, "जेवले गो."

"तू जेवलंस ता माका म्हायत आसा. फोन तेंका दी."

"दाजी, आईचा फोन आहे. तुमच्यासाठी."

"माज्यासाठी? कामाचा आसा?"

"नाही."

त्यांनी हात धोतराला पुसून फोन घेतला आणि आमच्याकडे पाठ केली. "होय, वयनी... जेवलंय, जेवलंय. अगदी पोटभर."

त्यांचा जेवणाचा डबा टेबलावर तसाच होता, बांधलेल्या फडक्यात.